डोंगर सोडणारी नदी

फाल्गुनात ऋषिकेशची गंगा हिरवी असते. पावसाळ्यातला गाळ केव्हाच खाली बसलेला असतो आणि वरचं बर्फ अजून उन्हाळ्याच्या वितळणीला लागलेलं नसतं. पाणी कमी, पण नितळ. काठाशी तळाचे गोटे दिसतात. मधली धार मात्र गडद हिरवी आणि वेगाची. पाणी उतरल्यामुळे दोन्ही तीरांना पांढरी वाळू उघडी पडते. दुपारचं ऊन अंगावर घ्यावंसं वाटतं, आणि सूर्य डोंगरामागे गेला की खोऱ्यातून गार वारा सुटतो, शाल शोधावी लागते. याच दिवसांत, मार्चच्या पूर्वार्धात, तिथे योग महोत्सव भरतो. यंदा आम्ही त्याला जाणार आहोत. आम्ही म्हणजे मी आणि माझी आत्या.

आत्या नागपूरची. रामनगरला जनार्दनस्वामींचं योगाभ्यासी मंडळ आहे. तिथे ती तरुणपणी शिकली आणि शाळेतली नोकरी सांभाळून पुढे गल्लीतल्या बायकांना शिकवत राहिली. मोबदला कधी घेतला नाही, कारण मंडळाची रीतच तशी. मी पहिलं पश्चिमोत्तानासन तिच्याकडेच शिकले, उन्हाळ्याच्या सुट्टीत, कूलरच्या आवाजात, सतरंजीवर. पुढे पुण्यात अय्यंगारांच्या पद्धतीच्या वर्गाला जाऊ लागले. दोऱ्या, पट्टे, लाकडी विटा, खुर्ची यांच्या आधाराने शरीराची नव्याने ओळख झाली. ऋषिकेश मी पूर्वी पाहिलं ते चारधामाच्या वाटेवर. तेव्हा ते गाव म्हणजे अंधारात बस पकडायची जागा होती. आत्याने तेवढंही पाहिलेलं नाही. "सगळं आयुष्य ज्याच्यात गेलं, त्याच्या गावाला एकदा जाऊन यावं गं," असं ती फोनवर म्हणाली आणि मी वही काढली.

प्रवासाची वही मी मनापासून लिहिते. गाड्यांच्या वेळा आणि पैशांचा हिशेब त्यात असतोच, पण आपण कशासाठी जातो आहोत हे ती वही लिहितानाच मला कळत जातं. पूर्वी काशीयात्रेला निघणारा माणूस देणीघेणी मिटवून, भावकीचा निरोप घेऊन निघे. परत येण्याची शाश्वती नव्हती, हे एक कारण. पण तीर्थाला जायचं ते मन मोकळं करून, हेही त्यात होतं. आज परतीचं तिकीट आधीच हातात असतं. मन मोकळं करण्याचं काम मात्र अजूनही आपल्यालाच करावं लागतं, आणि त्याला वेळ द्यावा लागतो.

रेल्वेचं रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं; २०२४ च्या नोव्हेंबरच्या आधी ते १२० दिवसांचं होतं. म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यातल्या गाडीसाठी नवं वर्ष उजाडताच बसावं लागलं. आत्या नागपूरहून निघेल, मी पुण्याहून. दिल्लीला भेटायचं आणि तिथून हरिद्वारपर्यंत एकत्र. पंचांगही जवळ ठेवलं, कारण होळी याच सुमारास येते आणि उत्तरेत धुळवडीला दुपारपर्यंत रस्त्यावर रंगाचंच राज्य असतं. त्या दिवशी गाडीत किंवा रस्त्यात असायचं नाही, हे पहिल्याच पानावर लिहिलं.

ऋषिकेशला काही वर्षांपूर्वी 'योगनगरी ऋषिकेश' नावाचं नवं रेल्वेस्थानक सुरू झालं. तरी आम्ही मुद्दाम हरिद्वारला उतरायचं ठरवलं आहे. तिथून ऋषिकेश रस्त्याने पंचवीसेक किलोमीटर. आधी हरिद्वार, मग ऋषिकेश, मग आणखी वर देवप्रयागपर्यंत: नदीच्या उलट दिशेने जायचं आणि परतताना तिच्या सोबतीने खाली उतरायचं. सुरुवातीला मी हे केवळ नकाशा पाहून, सोयीचं म्हणून आखलं होतं. त्यात आणखी काही दडलेलं आहे हे आत्याच्या एका प्रश्नामुळे लक्षात आलं.

ऋषिकेशला असे दोन महोत्सव भरतात. एक पूर्वेच्या तीरावर, स्वर्गाश्रमातल्या परमार्थ निकेतनात; आम्ही जाणार तो हाच. दुसरा पश्चिमेच्या तीरावर, मुनी की रेतीला, गढवाल मंडल विकास निगमाचा. परमार्थ निकेतन स्वामी शुकदेवानंदांनी १९४२ साली स्थापन केलं. हजाराहून अधिक खोल्यांचा हा आश्रम १९९९ पासून महोत्सवाचं यजमानपद सांभाळतो आहे. दिवस पहाटे चारच्या सुमारास कुंडलिनी साधनेने सुरू होतो आणि रात्री कीर्तनाने किंवा सत्संगाने संपतो. मधल्या वेळात हठयोग, विन्यास, अय्यंगार पद्धत, नादयोग, प्राणायाम, आयुर्वेद, वेदान्त. एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी वर्ग. संध्याकाळी सगळे घाटावर उतरतात, कारण सूर्यास्ताला गंगेची आरती असते. जगातल्या कितीतरी देशांतून माणसं येतात, आपापली मॅट खांद्याला लावून.

मी कार्यक्रमाची रूपरेषा आत्याला वाचून दाखवली. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "अगं, पण एवढ्या माणसांत अभ्यास कसा होईल?"

तिचा प्रश्न वरवरचा नव्हता. तिच्याकडे लोणावळ्याच्या कैवल्यधामने काढलेली 'हठप्रदीपिका' आहे, कडा झिजलेली, आणि त्यातला पहिला उपदेश तिला पाठ आहे. योगाचा नाश करणाऱ्या सहा गोष्टी तिथे सांगितल्या आहेत: अति खाणं, अति श्रम, अति बोलणं, नियमांचा हट्ट, लोकांचा संग आणि मनाची चंचलता. महोत्सव म्हटला की यातल्या निदान तीन तरी आल्याच. त्याच ग्रंथातली साधकाची कुटी किती लहान आहे! एकच दार, खिडकी नाही, भिंतींना भोक नाही, जमीन शेणाने सारवलेली. बाहेर एक मांडव, एक विहीर, भोवती कुंपण. तिथे दुसऱ्या माणसाला जागाच नाही.

श्वेताश्वतर उपनिषद त्याहून जुनं. त्यातही योगाला कुठे बसावं हे सांगितलं आहे: जमीन सपाट आणि स्वच्छ असावी, खडे, वाळू आणि विस्तव यांचा उपद्रव नसावा, वारा लागू नये, पाण्याचा आवाज मनाला रुचेल असा असावा, डोळ्यांना काही खुपू नये. इतक्या जुन्या काळी कुणीतरी पाण्याच्या आवाजाचा विचार केला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आणि मग ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय. गीतेने शुद्ध जागी स्थिर आसन मांडावं एवढंच सांगितलं. माउलींनी त्या एका जागेसाठी ओव्यांमागून ओव्या खर्ची घातल्या. तिथे बसलं की उठावंसं वाटू नये. नुसतं पाहताच वैराग्य दुणावावं. पाखंड्यालाही वाटावं की इथे तप करावं, आणि विलासी राजाला वाटावं की राज्य सोडून इथेच राहावं. झाडं मुळापासून गोड आणि सदा फळलेली, पावलोपावली पाणी आणि तेही पावसाळ्यातसुद्धा निर्मळ, ऊन सौम्य, वारा मंद. पाखरांचा फार गलबला नको. मधूनच एखादी कोकिळा बोलली तर बोलू दे, आणि मोरांनाही मज्जाव नाही. जवळपास एखादा मठ असावा, नाहीतर शिवालय. मग तिथे आसन घालावं.

हे वर्णन मी पुन्हा सावकाश वाचलं आणि वहीतल्या ऋषिकेशशेजारी मांडून पाहिलं. पाणी आहे, पावलोपावली आहे. पूर्वेच्या तीरालाच राजाजीचं जंगल लागतं. तिथे मोर आहेत आणि हत्तीही. शिवालय हवं तर वर डोंगरात नीलकंठ महादेव आहे. महर्षी महेश योगींच्या जुन्या आश्रमात नदीतल्या गोट्यांनी मढवलेल्या घुमटाकार कुटी आहेत, ध्यानासाठी बांधलेल्या. १९६८ च्या फेब्रुवारीत बीटल्स तिथे आले आणि जगभरच्या तरुणांनी या गावाचं नाव ऐकलं. नंतर आश्रम ओस पडला, झाडांनी त्याला वेढलं, आणि २०१५ च्या अखेरीस वनखात्याने तो लोकांना पाहण्यासाठी खुला केला. माउलींच्या यादीतलं जवळजवळ सगळं त्या काठावर आहे. एकांत तेवढा नाही.

आत्याच्या प्रश्नाला लगेच उत्तर देता येईना. दोन-तीन दिवस तो मनात राहिला. स्वयंपाक करताना, बसमध्ये, सकाळी शवासनात पडल्यावरही.

मग मी नदीकडे पाहू लागले. भागीरथी गोमुखातून निघते, अलकनंदा बद्रीनाथाच्या वरच्या बर्फातून. देवप्रयागला त्या भेटतात आणि तिथून पुढे गंगा हे नाव लागतं. देवप्रयागपासून ऋषिकेशपर्यंत सत्तरेक किलोमीटर ती दरीतून येते, दोन्ही बाजूंनी उभे डोंगर, काठाला फारशी वस्ती नाही. ऋषिकेशला डोंगर मागे सरतात. अनेकांना ऋषिकेश म्हणजे हिमालयातली उंच जागा वाटते. पण समुद्रसपाटीपासून ते साडेतीनशे मीटरच्या आसपास आहे, आमच्या पुण्यापेक्षा सखल. पाणी हिमाचं आणि जमीन पायथ्याची. आणखी खाली हरिद्वारला नदी मैदानात येते आणि तिथे १८५४ पासून तिचं पाणी कालव्याने दुआबात जातं. जे पाणी वर बर्फ होऊन निश्चल होतं, तेच खाली उसाच्या आणि गव्हाच्या मुळाशी पोचतं. ऋषिकेश या दोन्हींच्या मध्ये आहे. नदी तिथे डोंगराचा निरोप घेते आणि माणसांकडे वळते.

योगही याच जागी माणसांकडे वळला. रस्ते नव्हते तेव्हा बद्री-केदारची पायवाट इथून सुरू होई. यात्रेकरू इथे थांबत, हिवाळ्यात वरून उतरलेले साधू इथे झोपड्या करून राहत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काळी कांबळी पांघरणाऱ्या एका साधूने, स्वामी विशुद्धानंदांनी, त्यांच्यासाठी अन्नछत्रं उभी केली. बाबा काली कमलीवाले हे नाव त्या वाटेवर आजही आदराने घेतात. तप करणाऱ्याच्या पोटाची काळजी आधी कुणीतरी घेतली, मग तिथे आश्रम वाढले.

१९२४ साली दक्षिणेतला एक डॉक्टर तिथे पोचला. तमिळ देशातल्या पत्तमडैचा, मलायात जवळजवळ दहा वर्षं रुग्णसेवा केलेला. ऋषिकेशला त्याने संन्यास घेतला आणि तो स्वामी शिवानंद झाला. पण डॉक्टर आत राहिलाच. विम्याचे थोडे पैसे हाती आले तेव्हा, १९२७ मध्ये, त्यांनी लक्ष्मणझुल्यापाशी धर्मार्थ दवाखाना उघडला. आजारी साधू आणि यात्रेकरू तिथे येत. १९३६ साली त्यांनी दिव्य जीवन संघ स्थापन केला. सोप्या इंग्रजीत दोनशेहून अधिक पुस्तकं लिहिली, पत्र पाठवील त्याला उत्तर दिलं, आणि विष्णुदेवानंद, सत्यानंद यांच्यासारखे शिष्य घडवून त्यांना दूर पाठवलं. तिथल्या साधनेची वार्ता समुद्रापलीकडे गेली त्यात त्या दवाखान्यातल्या माणसाचा वाटा फार मोठा आहे.

त्याच १९२४ साली गंगेला महापूर आला आणि लक्ष्मणझुल्याचा जुना पूल वाहून गेला. आणि त्याच साली आमच्या लोणावळ्याला स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम सुरू केलं. मूळचे जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचे गुरू परमहंस माधवदास नर्मदेच्या काठी मालसरला राहत. गुरूंनी काठावर जे शिकवलं ते कुवलयानंदांनी बडोद्याला क्ष-किरणांखाली तपासून पाहिलं: उड्डियान आणि नौली करताना पोटाच्या आत काय होतं? 'योगमीमांसा' नियतकालिक काढून त्यांनी ते छापलं, म्हणजे कुणालाही वाचता यावं, पडताळता यावं. माधवदासांचेच दुसरे शिष्य योगेंद्रजी. त्यांनी १९१८ साली वर्सोव्याला समुद्रकाठी योग संस्था सुरू केली ती संसारी माणसांसाठी. पुढे १९३७ साली म्हैसूरहून एक अशक्त, तरुण शिक्षक पुण्याला डेक्कन जिमखान्यावर शिकवायला आला. मराठी येत नव्हतं, ओळखीचं कुणी नव्हतं. ते बी. के. एस. अय्यंगार. आज पुण्यात गुडघे धरलेली आजी खुर्चीच्या आधाराने सेतुबंध करते ती त्यांच्यामुळे.

या सगळ्यांनी एकांत चाखला होता, आणि सगळ्यांनी तो ओलांडला. गुरूने कानात सांगितलेलं त्यांनी मोठ्याने सांगितलं. कुणी दवाखान्यात, कुणी प्रयोगशाळेत, कुणी जिमखान्याच्या सभागृहात.

आणि मग मला सहाव्या अध्यायाबद्दलच एक गोष्ट जाणवली, जी इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून दिसली नव्हती. एकांताचं ते वर्णन माउलींनी एकांतात लिहिलेलं नाही. शके १२१२ मध्ये, प्रवरेच्या काठी नेवाशाला, श्रोत्यांच्या सभेत ते सांगितलं. सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. समोर संत बसले होते, गावातली साधी माणसंही असतील. नाथपंथाची गुरूकडून शिष्याला जाणारी कुंडलिनीची वाट, गहिनीनाथांकडून निवृत्तिनाथांना आणि त्यांच्याकडून धाकट्या भावाला मिळालेली, त्या भावाने लोकांच्या भाषेत, नदीकाठी, भरल्या सभेत उघडून ठेवली. त्या सभेतल्या प्रत्येकाने ती शांत जागा मनात पाहिली असेल. शेजारी माणूस बसलेला असताना पाहिली असेल.

मी आत्याला फोन केला आणि हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे सभा नीट असली, की तो संग नव्हे, तो सत्संग. बरं, चल. पण सभा नीट कशी ठेवायची ते तू वहीत लिही."

म्हणून आमच्या वहीची पुढची पानं याचीच आहेत.

सगळे वर्ग करायचे नाहीत. हे ठरवायला सर्वांत जड गेलं, कारण रूपरेषेतली प्रत्येक ओळ बोलावते. रोज पहाटेचा एक आणि दुपारनंतरचा एक, एवढेच घ्यायचे. आणि होईल तोवर त्याच शिक्षकांकडे जायचं. पतंजलींच्या योगसूत्रांत पावणेदोनशेहून जास्त सूत्रं आहेत आणि त्यांतली फक्त तीन आसनांबद्दल आहेत; बाकी बहुतेक मनाबद्दल, त्याच्या सवयींबद्दल, त्या सुटण्याबद्दल. दिवसभर आसनांमागे धावून ती प्रमाणबद्धता मोडायची नाही. मधला वेळ वाळूवर बसायचं. ऐकलेलं आत मुरायला तेवढी उसंत हवी. वर्ग चालू असताना फोटो नाही, चित्रीकरण नाही. दुपारी मौन, आत्याने ते स्वतःहून सुचवलं.

शरीराची तयारी संक्रांतीपासून चालू आहे. पहाटे चारला उठायचं म्हणजे रात्री नऊला निजायचं, आणि त्यासाठी संध्याकाळचं जेवण दिवेलागणीला उरकायचं. पहाटे चारला फोन वाजतो. एकदा तिचा, एकदा माझा. "उठलीस का?" "उठले." एवढंच बोलायचं आणि आपापल्या जागी बसायचं. नागपूर आणि पुणे यांच्यामधल्या अंधारात आम्ही दोघी एकाच वेळी प्राणायाम करत असतो. आत्याच्या गुडघ्यांसाठी रोज जिना चढउतार, कारण ऋषिकेशच्या घाटांना पायऱ्या पुष्कळ. १९२९ च्या सुमारास पुन्हा बांधलेला लक्ष्मणझुला २०१९ साली जीर्ण म्हणून रहदारीला बंद झाला. आम्ही नदी ओलांडू ती १९८६ च्या रामझुल्यावरून किंवा २०२० साली झालेल्या जानकी सेतूवरून. आणि पाय दमले की नावेतून. आत्याला नावेचीच ओढ जास्त आहे.

सामानाचं पान लहान आहे. तिची सतरंजी, माझी मॅट. सुती सलवार-कमीज, एक जाड स्वेटर, दोन शाली, कानटोपी. मार्चची पहाट तिथे चांगलीच बोचते. गाडीसाठी दशम्या, तिळाची चटणी, मेतकूट. आश्रमातलं जेवण साधं आणि सात्त्विक असतं, गावातही मांस-मद्य चालत नाही, त्यामुळे पोटाची चिंता नाही.

नदीचं एक स्वतंत्र पान आहे. तिच्या पाण्यात साबण लावायचा नाही. दिवा सोडायचा तर पानांच्या द्रोणातच; प्लॅस्टिकचं काहीही काठावर ठेवून यायचं नाही, उलट वाळूत दिसलेलं उचलून आणायचं, त्यासाठी एक कापडी पिशवी. काठापासून लांब, साखळी नसेल तिथे पाण्यात उतरायचं नाही. गंगा तिथे शांत दिसते आणि ओढ जबरदस्त असते. २०१३ च्या जूनमध्ये केदारखंडात हाहाकार झाला तेव्हा परमार्थच्या घाटासमोरची शंकराची भव्य मूर्ती तिने वाहून नेली. ती दृश्यं देशाने दूरदर्शनवर पाहिली. जिला आई म्हणायचं तिच्यापुढे मर्यादेने वागायचं, एवढी साधी गोष्ट आहे ही. वर डोंगरांत आता रस्ते रुंद होताहेत, रेल्वेचे बोगदे खणले जाताहेत, भागीरथीला टिहरीला अडवलं आहे. आपण यात्रेकरू किती मोठ्या संख्येने, किती घाईने वर चढतो, त्याचाही भार त्या डोंगरांवर पडतो. म्हणून आम्ही स्वतंत्र मोटार ठरवलेली नाही. हरिद्वारपासून सगळ्यांबरोबर बस आणि शेअरिंगची 'विक्रम' रिक्षा.

महोत्सव संपला की लगेच परतायचं नाही. त्यानंतरचे काही दिवस आम्ही एकांतासाठी राखले आहेत, आणि तेच आत्याचे लाडके दिवस आहेत. बद्रीनाथच्या रस्त्यावर पंचवीसेक किलोमीटरवर वसिष्ठ गुहा आहे. स्वामी पुरुषोत्तमानंद तिथे राहिले. आत काळोख, दिव्याची एक ज्योत, बाहेर थोडं उतरलं की गंगेचं पात्र. 'हठप्रदीपिके'तली खिडकी नसलेली कुटी कशी असेल ते तिथे कळेल. मग देवप्रयाग, जिथे दोन रंगांची पाणी शेजारी शेजारी वाहत येऊन एक होतात. तिथे काहीही करायचं नाही, असं वहीत लिहिलं आहे. वर्ग नाही, आसन नाही. बसायचं.

मी उलट दिशेची वाट आधी सोय म्हणून आखली होती. आता तिच्यावर माझी श्रद्धा बसली आहे. हरिद्वारला माणसांची गर्दी, ऋषिकेशला शिकणाऱ्यांची सभा, देवप्रयागला दोघीच. नदी जिथून आली तिकडे असं एकेक पायरीने जायचं, आणि मग तिच्यासारखंच खाली यायचं. वर जाणं माझ्यासाठी आहे. खाली येणं कशासाठी, हे ठरवल्याशिवाय ही आखणी पुरी होत नव्हती. योग इतक्या दूरवर पोचला, संयुक्त राष्ट्रांनी २०१४ साली २१ जून हा त्याचा दिवस ठरवला, महोत्सवात जग लोटतं. आणि आमच्या घरी फरशी पुसायला येणाऱ्या बाईंच्या कमरेपर्यंत तो अजून आलेला नाही. चार घरांच्या फरश्या, भांडी, जिने. त्यांच्या पाठीला जो आराम हवा तो देणारी आसनं मला येतात. आत्याला तर त्याहून जास्त येतात.

म्हणून वहीचं शेवटचं पान परतीनंतरचं आहे. आत्या दिल्लीहून नागपूरला न जाता माझ्याबरोबर पुण्याला येईल आणि काही दिवस राहील. आमच्या वाडीतल्या विठ्ठलमंदिराच्या सभामंडपात वर्ग घ्यायचा. वेळ दुपारी तीनची, कारण सकाळची कामं आटोपून संध्याकाळची सुरू होण्याआधी या बायकांना तेवढाच वेळ मिळतो. कंबर आणि गुडघे यांच्यापासून सुरुवात, मग श्वास, मग पाच मिनिटं नुसतं डोळे मिटून बसणं. बाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ताई, आम्ही सात-आठ जणी येऊ, पण साडीवरच करणार." आत्याने साडीवर जमतील अशा आसनांची यादी करून पाठवलीसुद्धा आहे. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पहिला वर्ग. मंडपाची किल्ली कुणाकडून घ्यायची, हेही लिहून ठेवलं आहे.